उपनगरातील घर विकले का जात नाही?
बेळगाव-निपाणी परिसरात मागणी आहे, पैसाही आहे. तरीही ‘घर विकणे आहे’चे फलक महिनोन्‌महिने हलत नाहीत. दोष गिऱ्हाइकाचा की घराच्या कागदाचा?

बेळगावच्या टिळकवाडी, हिंदवाडी, भाग्यनगर, अनगोळ, वडगाव, हनुमाननगर, सह्याद्रीनगर, गणेशपूर या उपनगरांतून फेरफटका मारला, की फाटकावर टांगलेले ‘घर विकणे आहे’ असे फलक जागोजागी दिसतात. त्यांतले काही एका पावसाळ्यात उतरतात. पुष्कळसे मात्र पुढच्या पावसाळ्यापर्यंत तसेच राहतात आणि त्यांवरचा दूरध्वनी क्रमांक उन्हाने पुसट होतो. वरवर पाहता हे कोडेच आहे. शहर वाढते आहे. २०११च्या जनगणनेत महापालिका क्षेत्राची लोकसंख्या ४ लाख ८८ हजारांवर होती. त्यानंतर वस्ती हिंडलगा, कंग्राळी, मच्छे, पिरनवाडी, कणबर्गीच्या दिशेने पसरतच गेली. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ, वैद्यकीय महाविद्यालये, फौंड्री उद्योग, लष्कराचे मराठा लाइट इन्फंट्री केंद्र, हत्तरगीजवळील विमानभागांचा कारखाना अशी रोजगाराची आणि शिक्षणाची साधने येथे आहेत. ऑगस्ट २०२५पासून बेंगळुरूशी ‘वंदे भारत’ने थेट जोडणी झाली आहे. मग घर घेणारे गेले कुठे?

गोव्यातील वाचकाला हा प्रश्न परका नाही. चोर्ला घाटाने पणजीपासून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास असलेले हे शहर गोमंतकीयांना भाजीपाला, दूध, औषधोपचार आणि मुलांचे शिक्षण यांसाठी जवळचे आहे. गोव्यातील घरांच्या किमती हाताबाहेर गेल्यावर ‘त्यापेक्षा बेळगावात एखादे घर घेऊन ठेवू’ हा विचारही अनेक कुटुंबांत होतो. त्यामुळे तेथील घर का विकले जात नाही हे समजून घेणे विकणाऱ्याइतकेच घेऊ पाहणाऱ्यालाही आवश्यक आहे.

विकणारे कोण, घर कोणत्या काळाचे?

आज विक्रीला येणारी बरीचशी घरे गेल्या शतकाच्या अखेरच्या अडीच-तीन दशकांतील आहेत. बँका, लष्कर, सरकारी खाती, शाळा, छोटे कारखाने यांत नोकरी केलेल्या पिढीने भविष्यनिर्वाह निधी आणि पत्नीचे दागिने मोडून ती उभी केली. तेव्हाचे गृहीत असे, की दोन मुलगे वर-खाली राहतील आणि मागच्या खोलीत एखादा भाडेकरू असेल. म्हणून दोन जिने, दोन स्वयंपाकघरे, मोठे देवघर, पुढे अंगण आणि मागे विहीर किंवा हौद. प्रत्यक्षात मुले पुणे, बेंगळुरू, गोवा आणि परदेशात गेली. घर मोठे राहिले, माणसे दोन उरली. आणि त्यांपैकी एक गेल्यावर घर विकण्याचा विषय निघाला.

आजच्या गिऱ्हाइकाची गरज वेगळी आहे. पती-पत्नी दोघेही नोकरी करतात, मूल एक किंवा दोन. त्यांना दोन शयनगृहांची सदनिका, गाडी लावायला जागा, उद्वाहक आणि पहारेकरी हवा असतो. जुन्या शहापूर-वडगाव-खासबाग भागात ही तफावत अधिक जाणवते. शहापुरी साडीसाठी प्रसिद्ध असलेल्या या विणकर वस्तीत तळमजल्यावर माग आणि वर किंवा मागे संसार अशी घरांची रचना आहे. मागांचा धंदा आकसल्यावर तळमजल्याचा तो दालनवजा भाग ना धड राहण्यासाठी उपयोगी, ना दुकानासाठी. अरुंद गल्लीत चारचाकी शिरत नाही. अशा घराला शेजारचाच कोणी गिऱ्हाईक मिळाला तर मिळतो.

उतारा आहे, पण कोणता?

तरीही रचना हे दुय्यम कारण आहे. आवडलेले घर सोडून गिऱ्हाईक परत फिरते ते बहुधा कागद पाहिल्यावर.

बेळगावच्या जुन्या भागात नगर भूमापनाचा उतारा असतो. तो मुंबई इलाख्याच्या काळापासूनचा वारसा. नियोजन प्राधिकरणाच्या, म्हणजे ‘बुडा’च्या, मंजूर वसाहतींमध्येही मालकीची साखळी बऱ्यापैकी स्पष्ट असते. अडचण सुरू होते ती शहराच्या कडेला. शेतजमिनीवर घर बांधण्यापूर्वी कर्नाटक भूमहसूल कायदा १९६४च्या कलम ९५ नुसार जिल्हाधिकाऱ्यांकडून ती बिगरशेती करून घ्यावी लागते. त्यानंतर वसाहतीचा आराखडा नियोजन प्राधिकरणाकडून मंजूर व्हावा लागतो. या दोन स्वतंत्र पायऱ्या आहेत. अनेक ठिकाणी पहिली पूर्ण आणि दुसरी अपुरी, तर काही ठिकाणी दोन्ही अपुऱ्या. शेताचे गुंठे पाडले गेले, साध्या मुद्रांकावर, म्हणजे लोकभाषेत ‘बाँडवर’, लिहून घेतले गेले, घर उभे राहिले, विजेची जोडणी आली, घरपट्टी सुरू झाली. तीस वर्षे कोणी काही विचारले नाही, म्हणून सर्व काही नियमित आहे असा समज झाला.

कायद्याची भूमिका वेगळी आहे. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२च्या कलम ५४ प्रमाणे शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. वटमुखत्यारपत्र किंवा साध्या करारावर मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०११ मध्ये सूरज लॅम्प खटल्यात निःसंदिग्धपणे सांगितले. त्यामुळे ‘बाँडवर’ घेतलेल्या जागेवरील घराचा मालक राहतो खरा. पण विकायला निघाला, की त्याच्याजवळ देण्यासारखे काय आहे, हा प्रश्न उभा राहतो.

या जुन्या दुखण्याला अलीकडच्या संगणकीकरणाने वाचा फोडली. कर्नाटकात ऑक्टोबर २०२४पासून नागरी भागातील मालमत्तेच्या दस्तनोंदणीसाठी ई-खाते आवश्यक झाले. ग्रामपंचायत हद्दीत ‘ई-स्वत्तू’ प्रणालीतील नमुना ९ आणि नमुना ११ लागतो. पूर्वी हस्तलिखित उताऱ्यावर निभावून जाणारे व्यवहार आता संगणकाच्या पडद्यावरच अडतात. नाव एका अक्षराने वेगळे, क्षेत्रफळ दस्तात एक आणि पालिकेत दुसरे, मूळ मालक वारलेला आणि वारसनोंद बाकी, अशी प्रत्येक विसंगती दुरुस्त झाल्याखेरीज पुढचे पाऊल पडत नाही. व्यवस्था म्हणून हे योग्यच आहे. फसवणुकीला त्याने आळा बसतो. परंतु ज्याने तीस वर्षांपूर्वी विश्वासावर जागा घेतली, त्याला या दुरुस्तीसाठी आज नगरपालिका, भूमापन, तहसील आणि नोंदणी अशा चार कार्यालयांचे उंबरे झिजवावे लागतात.

अनधिकृत वसाहतींतील घरांसाठी राज्य सरकारने फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘बी’ खाते देण्याची मोहीम हाती घेतली. तिच्याविषयी मोठा गैरसमज आहे. ‘बी’ खात्यामुळे मालमत्ता कराच्या नोंदीत येते. आराखड्याचा मूळ दोष त्याने नाहीसा होत नाही. नियमितीकरणाची ‘अक्रम-सक्रम’ योजना तर जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या स्थगितीने अडली. परिणामी ‘बी’ खाते असलेल्या घराकडे बहुतेक बँका साशंकतेने पाहतात. बँक मागे हटली, की कर्जावर घर घेणारा नोकरदार वर्ग बाहेर पडतो आणि उरतो तो रोख मोजणारा गिऱ्हाईक. तो मोजकाच असतो आणि भाव पाडून मागतो. घर ‘विकत नाही’ याचा अर्थ पुष्कळदा ‘कर्जावर विकत नाही’ एवढाच असतो.

एक घर, सात सह्या

कागद निर्दोष असला तरी सह्या गोळा होतील याची शाश्वती नसते. वडील वारले, घर त्यांच्याच नावावर राहिले आणि मुलांनी वारसनोंद पुढे ढकलली, हे चित्र सीमाभागात घरोघरी आढळते. मुलींनी लग्नात सर्व घेतले, आता त्यांचा काय संबंध, हा समज अजून गेलेला नाही. कायदा मात्र फार पूर्वीच बदलला आहे. कर्नाटकाने १९९४ मध्येच हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून अविवाहित मुलींना सहदायादीत स्थान दिले. २००५च्या केंद्रीय दुरुस्तीने ते सर्व मुलींना मिळाले आणि ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क जन्मसिद्ध असल्याचे स्पष्ट केले. वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत तर, मृत्युपत्र नसल्यास, विधवा, मुलगे आणि मुली हे समान वारस असतातच.

म्हणजे कोल्हापूरला दिलेली बहीण, पुण्यातील धाकटा भाऊ, परदेशातील पुतण्या यांच्या सह्या किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्रे हवीत. जाणता वकील गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न विचारतो तो हाच. विसार देऊन झाल्यानंतर बहीण आपला हिस्सा मागते, तेव्हा तिला दोष दिला जातो. खरे तर चूक तिला आधी न विचारणाऱ्यांची असते.

गोमंतकीय मालकाच्या बाबतीत आणखी एक पदर आहे. गोव्यात अधिवास असलेल्या व्यक्तीची मालमत्ता गोव्याबाहेर असली तरी तिच्या वारशाला गोव्यातील पोर्तुगीजकालीन नागरी कायदा लागू होतो, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये जुझे पावलू कुतिन्यु खटल्यात दिला. त्या खटल्यातील मालमत्ता मुंबईत होती. तत्त्व बेळगावातील घरालाही तितकेच लागू आहे. या कायद्यात पती-पत्नीचा समाईक हक्क आणि मुलांचा राखीव हिस्सा यांना महत्त्व आहे. बेळगावातील वकिलाच्या रोजच्या कामकाजात हा कायदा येत नाही, म्हणून गोमंतकीय विक्रेत्याची कागदपत्रे पाहताना तो अडखळतो. बेळगावात दुसरे घर घेऊन ठेवणाऱ्या गोमंतकीयांनी ही बाब घर घेतानाच ध्यानात घेतलेली बरी.

भावाचे दोन हिशेब

आता किमतीकडे. विकणारा आणि घेणारा यांचे हिशेब मुळातच वेगवेगळ्या टोकांपासून सुरू होतात. मालक आपण घातलेला पैसा मोजतो: सागवानी दारे, कडाप्पा, वरचा मजला, मुलीच्या लग्नाआधी केलेली डागडुजी. त्यात शेजारच्या गल्लीतील ‘ऐकीव’ भाव मिसळतो. गिऱ्हाईक मात्र जमिनीचा आजचा भाव धरतो आणि बांधकामातून वयाची घट वजा करतो. चाळीस वर्षांच्या बांधकामाला तो जवळपास शून्य मोल देतो. उलट पाडण्याचा खर्च धरतो. एकाच्या लेखी घर आहे, दुसऱ्याच्या लेखी तो घर उभा असलेला भूखंड आहे.

भूखंडांचा पुरवठाही वाढला. शेतकरी नसलेल्यांना शेतजमीन घेण्यास मज्जाव करणारी कर्नाटक भूसुधारणा कायद्यातील ७९-अ आणि ७९-ब ही कलमे २०२० मध्ये रद्द झाली. शहराभोवतीच्या जमिनीत बाहेरचा पैसा येण्याचा मार्ग त्यामुळे मोकळा झाला. पाच-सात किलोमीटर पुढे नव्या वसाहतीत रुंद रस्ता आणि कोरा भूखंड मिळत असेल, तर जुन्या उपनगरातील जुने घर घेऊन पाडण्याची उठाठेव करायला गिऱ्हाईक सहज तयार होत नाही.

खरा अडसर मात्र आकड्यांत लपलेला आहे. समजा, मालक ८० लाख मागतो आणि त्यांतले ५५ लाखच दस्तात दाखवायचे, उरलेले २५ लाख रोख घ्यायचे असे सुचवतो. रिझर्व्ह बँकेच्या मर्यादेनुसार ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जात बँक किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच रक्कम देऊ शकते. म्हणजे ५५ लाखांवर ४४ लाख. गिऱ्हाइकाला स्वतःजवळचे ३६ लाख उभे करावे लागतात आणि त्यांतले २५ लाख बिनहिशेबी. पगारदार माणसाजवळ बिनहिशेबी पैसा कुठून येणार? व्यवहार तिथेच संपतो. शिवाय स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार वा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास प्राप्तिकर कायद्याने मनाई आहे आणि तेवढ्याच रकमेचा दंड आहे. एप्रिल २०२५ मध्ये बेंगळुरूतील एका जागेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दोन लाखांहून अधिक रोखीच्या व्यवहाराचा उल्लेख आढळल्यास प्राप्तिकर खात्याला कळवण्याचे निर्देश न्यायालये व नोंदणी कार्यालयांना दिले. ‘थोडे पांढरे, थोडे काळे’ ही रीत धोक्याची तर आहेच. ती विक्रेत्याचा सर्वांत मोठा ग्राहकवर्गही हिरावून घेते.

पूर्ण ८० लाखांचा दस्त केला तर? कर्ज ७५ लाखांच्या आतच राहते, म्हणून मर्यादा ८० टक्क्यांचीच. जास्तीत जास्त ६४ लाख कर्ज मिळेल. वीस वर्षांच्या मुदतीने, साडेआठ टक्के व्याजाने त्याचा मासिक हप्ता ५५ हजारांच्या घरात जातो. दोघांचा पगार मिळून लाखावर असेल तरच हे झेपते. तेच घर भाड्याने घेतले, तर भारतीय शहरांतील नेहमीच्या प्रमाणानुसार, म्हणजे किमतीच्या दोन-तीन टक्के वार्षिक, भाडे महिन्याला १३ ते २० हजारांत पडते. तरुण जोडपे भाड्याने राहणे पसंत करते यात नवल नाही.

त्यावर सरकारी शुल्काची भर. कर्नाटकात मार्गदर्शक मूल्ये १ ऑक्टोबर २०२३पासून सरासरी तीस टक्क्यांच्या आसपास वाढली. ३१ ऑगस्ट २०२५पासून नोंदणी शुल्क एका टक्क्यावरून दोन टक्के झाले. पाच टक्के मुद्रांक शुल्क, त्यावरील उपकर आणि अधिभार धरून नागरी भागात एकूण बोजा ७.६ टक्क्यांवर गेला. ५० लाखांच्या घरावर तो ३ लाख ८० हजार होतो; पूर्वीपेक्षा ५० हजारांनी अधिक. ही रक्कम बँक कर्जात धरत नाही. ती खिशातूनच काढावी लागते. शिवाय मालकाला भांडवली नफ्यावरील कराची चिंता असते. जुलै २०२४च्या बदलानंतर, जुन्या मालमत्तेसाठी महागाई निर्देशांक न धरता साडेबारा टक्के किंवा तो धरून वीस टक्के असा पर्याय निवासी व्यक्तींना आहे. पुष्कळ मालक हा हिशेब न करताच ‘कर फार जाईल’ या धास्तीने किंमत फुगवतात.

नाला, काळी माती आणि टांगता रस्ता

उपनगर म्हटले, की सारखीच जागा असे नसते. बेळगावच्या पूर्व-दक्षिणेकडील वडगाव, येळ्ळूर, शहापूर शिवारातील काळी माती भातासाठी नामांकित आहे. पायासाठी ती तितकीच लहरी. पावसात फुगते, उन्हात आकसते आणि खोल पाया नसलेल्या घराच्या भिंतींना तिरक्या भेगा देते. बळ्ळारी नाल्याच्या काठच्या भागात पावसाळ्यात पाणी तुंबते. ऑगस्ट २०१९च्या पुराने तर अनेक वसाहतींतील घरांत पाणी शिरले. त्यानंतर घर पाहायला येणारा गिऱ्हाईक भिंतीवरील ओलीची रेघ आधी शोधतो. विक्रेत्याने रंग काढून ती झाकली, तर शंका अधिकच बळावते.

पाण्याचाही फरक पडतो. राकसकोप आणि हिडकल ही शहराच्या पाणीपुरवठ्याची दोन प्रमुख ठिकाणे. जागतिक बँकेच्या साहाय्याने झालेल्या प्रायोगिक योजनेत २००८च्या सुमारास शहरातील काही प्रभागांना चोवीस तास पाणी मिळू लागले. उरलेल्या भागांना त्याची प्रतीक्षा करावी लागली. शेजारशेजारच्या दोन वसाहतींत एकीकडे नळाला सतत पाणी आणि दुसरीकडे टाकी, मोटार व टँकर असे चित्र असेल, तर भावातही अंतर पडणारच.

रस्त्यांच्या आखणीतील अनिश्चितता ही आणखी एक बाब. हलगा-मच्छे बायपास वर्षानुवर्षे शेतकऱ्यांच्या आंदोलनात आणि न्यायालयात अडकून राहिला. सुपीक जमिनी वाचवण्याची त्यांची मागणी न्याय्य आहे. रिंगरोडच्या भूसंपादनालाही गावोगावी विरोध झाला. कणबर्गीची ‘बुडा’ची निवासी योजनाही अशीच दीर्घकाळ रेंगाळली. रस्ता होणार की नाही, झाला तर कुठून जाणार, हे ठरत नाही तोवर आसपासच्या घरांचा भाव अफवांवर हेलकावे खातो. मालक रस्ता झाल्यानंतरचा भाव मागतो, गिऱ्हाईक आजचा देऊ करतो.

निपाणीत गिऱ्हाईक सीमा ओलांडते

निपाणीचे गणित थोडे निराळे आहे. तंबाखूच्या पेठेवर आणि विडी उद्योगावर वाढलेल्या, १९८१च्या तंबाखू उत्पादकांच्या आंदोलनाने देशाला परिचित झालेल्या या शहराचा आर्थिक आधार आता तेवढा भक्कम राहिलेला नाही. व्यापाऱ्यांची वखारवजा मोठी घरे विक्रीस निघतात, तेव्हा तेवढ्या मोठ्या घराचा गिऱ्हाईक गावात नसतो. गावाला रेल्वे नाही. मात्र पुणे-बेंगळुरू महामार्ग अगदी दाराशी आहे आणि त्याच मार्गाने तरुण मनुष्यबळ कागल, गोकुळ शिरगाव आणि कोल्हापूरच्या औद्योगिक वसाहतींत जाते. महामार्गाने घराची किंमत वाढेल असे वाटले होते. त्याने आधी गिऱ्हाईकच बाहेर नेला.

मराठी माध्यमाची शाळा, मुलांचे उच्च शिक्षण, दवाखाना, सोयरीक हे सर्व कोल्हापूरशी जोडलेले असल्याने निपाणीतील कमावता मुलगा पहिली सदनिका तिकडेच घेतो. शुल्काचा फरकही लहान नाही. महाराष्ट्रात नोंदणी शुल्काला ३० हजारांची कमाल मर्यादा आहे. कर्नाटकात दोन टक्क्यांना अशी मर्यादा नाही. पन्नास लाखांच्या घराला एकीकडे ३० हजार, दुसरीकडे एक लाख. वीस-पंचवीस किलोमीटरच्या अंतरात हा फरक पडतो, तेव्हा काठावरचा गिऱ्हाईक कुठे झुकेल हे उघड आहे.

सीमाप्रश्नाचा वाटा किती?

‘सीमाप्रश्नामुळे येथे कोणी पैसा गुंतवत नाही’ असे विधान वारंवार केले जाते. ते अर्धसत्य आहे. १९५६च्या राज्यपुनर्रचनेनंतर येथील लोकांचे राज्य बदलले, मालकी बदलली नाही. महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या दाव्याचा निकाल काहीही लागला, तरी खरेदीखत रद्द होणार नाही. ही भीती मनातून काढायला हवी.

प्रश्नाचा परिणाम होतो तो दुसऱ्या अंगाने. डिसेंबर २०२२ मध्ये हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या वाहनांवर दगडफेक झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये भाषेवरून बसवाहकाला मारहाण झाल्यानंतर दोन्ही राज्यांतील बससेवा थांबली. अशा प्रसंगी कोल्हापूर, पुणे किंवा गोव्याहून घर पाहायला येणारा आपला बेत पुढे ढकलतो. तो भाव पाडत नाही, तो येतच नाही. दुसरा परिणाम भाषेचा. दस्त, ई-खाते, कराच्या नोटिसा प्रामुख्याने कन्नडमध्ये. मराठी माणसाला आयुष्यातील सर्वांत मोठ्या व्यवहाराचा कागद स्वतः वाचता येत नाही. तो दलालाच्या किंवा लेखनिकाच्या सांगण्यावर सही करतो. भाषिक अल्पसंख्याकांना त्यांच्या भाषेत कागदपत्रे द्यावीत, ही सीमाभागातील जुनी मागणी म्हणूनच केवळ अस्मितेची नाही. ज्याला कागद वाचता येतो, तोच निर्धास्तपणे पैसे मोजतो.

दलालांची गर्दी, विश्वासाचा दुष्काळ

विक्रीची रीतही तपासून पाहण्याजोगी आहे. एकच घर आठ-दहा दलालांकडे असते. एक ७० लाख सांगतो, दुसरा ८५. समाजमाध्यमांवर तीच छायाचित्रे वेगवेगळ्या भावाने फिरतात. चार महिन्यांत सर्वांनी पाहिलेले घर ‘बदनाम’ होते. काहीतरी खोट असेल म्हणूनच उठत नाही, असे लोक गृहीत धरतात. नव्या प्रकल्पांना ‘रेरा’ कायदा २०१६चे संरक्षण आहे. जुन्या घराच्या पुनर्विक्रीला ते नाही. दक्षिणमुखी दार, रस्त्याच्या तोंडाशी आलेले घर, आषाढ आणि पितृपक्षातील टाळाटाळ यांची भर पडतेच. परंतु अनुभव असा, की कागद आणि भाव जुळले तर वास्तुशास्त्रातूनही वाट निघते. ते जुळले नाहीत, तर वास्तुदोष ही नकाराची सभ्य सबब ठरते.

करता येण्याजोगे

यांतल्या बऱ्याच गोष्टी विक्रेत्याच्या हातात आहेत. फलक लावण्यापूर्वी वारसनोंद, ई-खाते आणि किमान तीस वर्षांचे बोजा प्रमाणपत्र तयार ठेवावे. भावंडांची लेखी संमती आधी घ्यावी, भाव नंतर ठरवावा. मान्यताप्राप्त मूल्यांककाकडून जमीन आणि बांधकाम यांचे वेगवेगळे मोल काढून घ्यावे आणि एकाच भावाने, एका-दोघांमार्फतच घर बाजारात आणावे. पूर्ण रकमेचा दस्त करण्याची तयारी दाखवली, तर कर्ज घेणारा वर्ग खुला होतो; आणि कर वजा जाता हाती येणारी रक्कम रोखीच्या जोखमीपेक्षा पुष्कळदा सरस असते. भेगा आणि ओल झाकू नये, दाखवावी आणि भावात धरावी.

शासनाकडूनही काही अपेक्षा रास्त आहेत. ‘बी’ खात्याला पुढे कोणता मार्ग आहे हे स्पष्ट झाले पाहिजे. कर घ्यायचा आणि दर्जा द्यायचा नाही, ही अवस्था अनिश्चित काळ चालणे योग्य नव्हे. बायपास व रिंगरोडविषयी शेतकऱ्यांशी बोलून एकदाचा निर्णय व्हावा. नोंदणी कार्यालयात मराठी भाषांतराची सोय असावी. यासाठी सीमाप्रश्नाच्या निकालाची वाट पाहण्याचे कारण नाही.

हा विषय केवळ विटा-मातीचा नाही. ज्या ज्येष्ठांनी आयुष्यभराची पुंजी घरात घातली, त्यांच्यासाठी ते घर म्हणजे निवृत्तिवेतन, आजारपणाची तरतूद आणि मुलांजवळ जाऊन राहण्याचे भाडे, असे सर्व काही आहे. कागदोपत्री लाखांचे धनी असलेले कितीतरी वृद्ध रुग्णालयाच्या देयकासाठी मुलांकडे हात पसरतात, कारण त्यांची संपत्ती भिंतींत अडकलेली असते. ती मोकळी करण्याचा मार्ग भाव वाढण्याची वाट पाहण्यात नाही. कागद स्वच्छ करण्यात, भावंडांना वेळेत विचारण्यात आणि घराला आजच्या गिऱ्हाइकाच्या डोळ्यांनी पाहण्यात आहे. हे काम घर विकायला काढण्याच्या दिवशी नव्हे, तर घरातील मोठी माणसे हयात आणि सही करण्याइतकी धडधाकट असतानाच व्हायला हवे.